चारही चाकांना ताकद, तरी नाक बाहेर का?

‘ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी वळणावर बाहेर जातच नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे. चिखलातून अशी गाडी खरंच सहज निघते.

पण निघणं वेगळं, वळणं वेगळं. टायरची पकड मर्यादित असते आणि तीच वळायला, ओढायला, थांबवायला वाटली जाते. आडव्या, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेनं बसवलेल्या, इंजिनाच्या बहुतेक अशा गाड्यांत वजन पुढे जास्त, ताकदही आधी पुढच्याच चाकांना. मागची गरजेपुरती जोडली जातात. म्हणजे वळणात ॲक्सिलरेटर दाबला की पुढच्या टायरांवर दुहेरी बोजा. शिवाय वेग ४० वरून ५० झाला, तर त्याच वळणाला दीडपटीहून जास्त पकड लागते. घाटातल्या ओल्या रस्त्यावर ती येणार कुठून?

पडताळायचं तर मोकळ्या, ओल्या मैदानात, बेतानं. स्टिअरिंग स्थिर धरून गोल फिरा, वेग हळूहळू वाढवा. वर्तुळ मोठं होत जाईल. ॲक्सिलरेटर अलगद सोडला की नाक पुन्हा आत येईल.

उपाय? वेग वळणाआधीच कमी करा. चांगले टायर, नेमकी हवा, अलाइनमेंट. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा, डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा दांडा) जाड केल्यानंही फरक पडतो, पण तो जाणकाराकडूनच. अति केलं तर मागची बाजू सुटते.