सियामीज की चायनीज? आधी माशाचं तोंड बघा

टाकीच्या काचेवर हिरवट थर चढायला लागला की कुणी ना कुणी सांगतंच, 'एक शेवाळ खाणारा मासा सोड, काम होईल.' मग पिशवीतून घरी येतं बोटाएवढं एक पिल्लू. सडपातळ, करड्या-तपकिरी अंगाचं, कुशीवरून लांब काळा पट्टा गेलेलं. विकणाऱ्यानं त्याला नुसतं 'अल्गी ईटर' म्हटलेलं असतं आणि सगळी गल्लत तिथेच होते. या एका नावाखाली दोन वेगळे मासे विकले जातात. सियामीज अल्गी ईटर मोठा झाल्यावरही इतर माशांत गुण्यागोविंदानं राहतो. चायनीज अल्गी ईटर लहानपणी गुणी असतो आणि वाढला की टाकीतला दादा होतो.

मी स्वतः ही चूक केली आहे. पहिले चार-पाच महिने तो मासा इतका कामसू होता की मी त्याचं कौतुक करत होतो. पुढे एंजलफिशच्या कुशीवर पांढुरके ओरखडे दिसायला लागले. मला वाटलं, रोग आहे. औषधं घातली, पाणी बदललं, फरक शून्य. एका रात्री दिवा लावला तेव्हा दिसलं की तो एंजलच्या अंगाला तोंड लावून चिकटलाय आणि एंजल त्याला झटकायचा प्रयत्न करतोय.

आधी नावांबद्दल. सियामीजमधलं 'सियाम' म्हणजे १९३९ पूर्वीचं थायलंड, आणि ते नाव बऱ्यापैकी योग्य आहे. चायनीजचा मात्र चीनशी फारसा संबंध नाही. तो थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम या भागातला, मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला मासा. म्हणजे दोघं जवळपास एकाच मुलखातले. नात्यानं मात्र बरेच लांबचे. सियामीज क्रॉसोकेलस या प्रजातीतला, रोहू-कटल्याच्या मोठ्या कुळातला. चायनीज म्हणजे गायरिनोकेलस आयमोनिएरी. त्याचं कुळच वेगळं आणि त्या कुळात उणेपुरे तीन प्रकारचे मासे.

ओळखायचं कसं? बहुतेक जण पट्ट्याकडे बघतात आणि तिथेच फसतात. खरी खूण तोंडात आहे.

चायनीजचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि त्याची चकतीसारखी चूषणी झालेली असते. काचेला तोंड लावून तो तासन्‌तास लटकून राहू शकतो. आता प्रश्न असा की तोंड काचेला चिकटलेलं असताना मासा श्वास कसा घेतो? इतर मासे तोंडानं पाणी आत घेतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. या माशाच्या कल्ल्याला प्रत्येक बाजूला दोन-दोन वाटा असतात. वरच्या फटीतून पाणी आत येतं, खालच्या फटीतून बाहेर जातं, आणि तोंड मोकळं ठेवायची गरजच पडत नाही. जोरदार प्रवाहात दगड धरून राहणाऱ्या माशासाठी ही झकास सोय आहे. नीट निरखलं तर त्याच्या कल्ल्यांची भराभर होणारी धडधड दिसते. पण हीच सोय बंद टाकीत दुसऱ्या माशाच्या मुळावर येते. एकदा चिकटला की श्वासासाठी त्याला सुटावं लागत नाही.

सियामीजला अशी चूषणी नसते. त्याचं तोंड खालच्या अंगाला असलं तरी साधं, कुरतडणारं असतं आणि नाकाडाजवळ मिशांची एक बारीक जोडी असते. तो पानावर, दगडावर टोचे मारत फिरतो. काचेला तोंड लावून लोंबकळत नाही. शिवाय त्याचा वाताशय, म्हणजे माशाला तरंगत ठेवणारी पोटातली हवेची पिशवी, फार दुबळा असतो, त्यामुळे पोहणं थांबवलं की तो पाण्यात तरंगत न राहता खाली बसतो. खालचे पर आणि शेपटी टेकून, पुढचा भाग जरा वर उचलून बसलेला मासा दिसला तर तो बहुधा सियामीज. या बसण्यामुळे नवीन लोक घाबरतात, आजारी पडलाय असं त्यांना वाटतं. तो मजेत असतो.

पट्टा बघायचाच असेल तर तो शेपटीपाशी बघा. सियामीजचा पट्टा नाकाडापासून निघतो आणि शेपटीच्या पराच्या मधल्या खाचेपर्यंत जातो. बाकीचे पर काचेसारखे पारदर्शक, बिनरंगी. चायनीजचा पट्टा नागमोडी, जागोजागी तुटल्यासारखा असतो. पाठीवर डाग, शेपटीच्या परावर ठिपके. रंग किती गडद आहे यावर मात्र जाऊ नका, कारण घाबरलेल्या सियामीजचा पट्टा घटकेत फिका पडतो. सबंध सोनेरी पिवळा 'अल्गी ईटर' कुणी दाखवला तर तो चायनीजच, त्याचाच रंगभेद. दिसतो देखणा, स्वभाव तोच.

मध्ये आणखी एक तिसरा घुसतो, फ्लाइंग फॉक्स. काळ्या पट्ट्याच्या वर सोनेरी रेघ आणि परांवर काळे-पांढरे भाग दिसले तर हा तो. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. चायनीजइतका तापदायक नाही, पण आपल्या जातभाईंशी भांडतो आणि शेवाळाच्या कामात सियामीजच्या जवळपासही येत नाही.

आता काम. सियामीजचं नाव झालंय ते काळ्या शेवाळामुळे. पानांच्या कडांवर, फिल्टरच्या नळीवर दाढीच्या खुंटांसारखं जे काळं शेवाळ वाढतं, त्याला फार थोडे मासे तोंड लावतात. हा लावतो. धाग्यांसारखं हिरवं शेवाळही खातो. पण काचेवरचे टणक हिरवे ठिपके त्याच्याच्यानं निघत नाहीत. ते खरवडूनच काढायचे, नाहीतर नेराइट गोगलगायी आणायच्या. आणि निळसर-हिरवा, घाणेरड्या वासाचा बुळबुळीत थर हे मुळात शेवाळच नव्हे, ते जिवाणू आहेत. त्यासाठी कुठलाही मासा आणू नका.

सियामीजचेही दोष आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. वय वाढलं की त्याला कोरड्या खाद्याची चटक लागते आणि मग शेवाळाकडे बघत नाही. त्यावर उपाय एकच, वरून टाकायचं खाद्य कमी करायचं. फार उपाशी ठेवलं तर मात्र मॉससारख्या नाजूक वनस्पती ओरबाडतो. उडी मारण्यात पटाईत आहे, म्हणून टाकीला झाकण हवंच. आणि तो लहान राहत नाही, १२ ते १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. १०० लिटरपेक्षा लहान टाकीत तो आणू नये असं माझं मत आहे. टोळीनं ठेवायचा असेल तर टाकी त्याहून बरीच मोठी लागते. पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस असलं की तो खूश असतो.

चायनीज निसर्गात २५ सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, टाकीत सहसा त्याहून कमी. पण लांबीपेक्षा त्याच्या स्वभावाचा त्रास जास्त. लहानपणी तो मऊ हिरवा थर मनापासून खातो, आणि ऐन तेव्हाच आपण त्याला विकत घेतो. मोठा झाला की जागेवर हक्क सांगायला लागतो, मासे पळवतो, शेवाळ सोडून खाद्यावर तुटून पडतो, आणि सपाट, संथ मासा दिसला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. डिस्कस, एंजल, गोल्डफिश हे त्याचे ठरलेले बळी. तो थर गेला की माशाचं संरक्षणच जातं, जखमेत बुरशी धरते. सगळेच चायनीज असे निघतात असं नाही. कुणाकडे एखादा आयुष्यभर सभ्य राहतो. पण पिल्लू बघून ते कळत नाही, म्हणून मिश्र टाकीसाठी मी तो कुणाला सुचवत नाही.

टाकी ४०-५० लिटरची असेल तर हा सगळा वादच बाजूला ठेवा. तिथे दोघंही नकोत. ऑटोसिंक्लस हा जेमतेम चार सेंटिमीटरचा मासा अशा टाकीत चालतो, काच आणि पानांवरचा मऊ तपकिरी थर साफ करतो, कुणाच्या वाटेला जात नाही. पाच-सहा तरी एकत्र हवेत. टाकी मात्र जुनी, मुरलेली हवी, नव्या कोऱ्या टाकीत ते उपाशी मरतात. घेताना पोट गोल आहे ना बघा. आणि इथेही एक गंमत आहे. ऑटोसुद्धा काचेला तोंडानं चिकटतो आणि त्याच्याही कुशीवर काळा पट्टा असतो, त्यामुळे चायनीजचं पिल्लू ऑटो म्हणून गळ्यात पडू शकतं. ऑटोचं अंग आखूड, डोकं चपटं, त्वचेवर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, शेपटीच्या मुळाशी गडद डाग. चायनीज त्यापेक्षा लांबोडका, गोलसर अंगाचा.

कुठलाही मासा आणण्याआधी दिवा रोज किती तास चालतो ते एकदा मोजा. आठ तासांच्या वर जात असेल आणि खाद्य तळाशी उरत असेल, तर शेवाळ मासा आणल्यानंही पुन्हा पुन्हा येणार.

चायनीज आधीच घरात असेल तर? त्याला वेगळी मोठी टाकी द्या, किंवा चपळ, दणकट अशा मोठ्या बार्ब जातीच्या माशांबरोबर ठेवा. तेही जमत नसेल तर विकणाऱ्याला परत करा. नदी-तलावात सोडू नका, परका मासा तिथल्या माशांच्या जिवावर उठू शकतो. पकडायला तो महाबिलंदर आहे. दिवसा जाळी घेऊन मागे लागलात तर टाकीतली सगळी झाडं उपटली जातील. दिवे बंद करून तासभर थांबा, मग अंधारात दोन जाळ्या दोन बाजूंनी हळूच आणा आणि एकदम टॉर्च लावा. मला तो तिसऱ्या रात्री सापडला.