'प्लस वन' तलवारीचा भाव

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, काल्पनिक साहसवीरांची पात्रं घेऊन खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्या प्रत्येक कंपूत हा वाद कधी ना कधी होतोच. गुहेत जादूची तलवार सापडते, साधीच, 'प्लस वन', म्हणजे फाशाच्या आकड्यात एकाची भर घालणारी. जिला तलवार चालवता येते तिच्याकडे आधीच याहून चांगली आहे. मग ही गावात नेऊन विकायची का? घेणार कोण? आणि आपल्याला विकता येते, तर विकत का घेता येऊ नये? डीएम, म्हणजे खेळ चालवणारा 'डंजन मास्टर', 'बघू' म्हणाला की समजावं, पुढचा तासभर घासाघिशीत जाणार. आमच्याकडे एकदा ड्रॅगन मारायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ त्याच्या गुहेतली ढाल खपवण्यात गेला होता.

या भांडणाचं मूळ जादूत नाही, सोन्यात आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावातून तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाहेर पडला. त्यात नियम असा, की भुयारातून सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की एक अनुभवगुण, म्हणजे एक एक्सपी. हे गुण साठले की पात्राची लेव्हल वाढते. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ग्रेहॉक' पुरवणीत राक्षस मारण्याचे गुण बरेच कापले गेले आणि लढाई हा चक्क आतबट्ट्याचा व्यवहार झाला. शहाणा खेळाडू राक्षसाला चुकवायचा, फितवायचा, झोपलेला असताना त्याच्या उशाखालची पेटी लांबवायचा. खेळ खरा चोरीचा होता, मारामारी नाइलाजाने.

सोनं इतकं केंद्रस्थानी, की वजनही नाण्यांत मोजत. जादूच्या पोतडीचं, 'बॅग ऑफ होल्डिंग'चं, वर्णनच असं होतं: आत दहा हजार नाणी मावतात, ओझं मात्र तीनशे नाण्यांचं. पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत दहा नाण्यांचा एक पौंड धरला गेला. म्हणजे वीस हजार नाण्यांचा खजिना सापडला तर जवळजवळ नऊशे किलो माल खेचरांवर लादून आणायचा. खेचरं कुठं बांधायची, वाटेत राखण कोण करणार, यावर अख्खी संध्याकाळ जायची. मला तरी ही त्या खेळातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते.

पण आणलेलं सोनं खर्चायचं कुठं? चिलखत, घोडा, दोर-मशाली घेऊन झाल्या की घरात नुसता सोन्याचा धूर. आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' या काल्पनिक जगातल्या खेळात याला एक झकास उतारा होता. सोनं नुसतं मिळवून भागत नसे, आपापल्या शौकावर ते उडवलं तरच गुण पदरात पडत. गायगॅक्सने शिकवणीचा मार्ग काढला. १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'नुसार वरच्या लेव्हलला जायचं तर गुरूकडे राहायचं, दर आठवड्याला दर लेव्हलमागे पंधराशे नाणी मोजायची. 'चोर' या प्रकारच्या पात्राची दुसरी लेव्हल १,२५१ गुणांवर. सगळे गुण सोन्यातून कमावले असतील, तर बिचाऱ्याकडे पहिल्या आठवड्याची फीसुद्धा भरत नाही! १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये महागाईचं समर्थनही सापडतं: सोनं सापडल्यावर अलास्कातल्या गावांत जसे भाव चढले, तसंच हे समजा.

आपली तलवार पहिल्यांदा भावासकट दिसते ती याच 'गाइड'मध्ये. प्लस वन तलवार ठेवली तर ४०० गुण, विकली तर २,००० नाणी आणि गुणही तितकेच. म्हणजे पुस्तकच कानात सांगतंय, वीक. विकायचा भाव छापला आणि विकत घ्यायचं दुकान मात्र नाही, अशी ही एकतर्फी बाजारपेठ. खैरात करणाऱ्या डीएमला तेव्हा 'माँटी हॉल' म्हणून हिणवत. टीव्हीवर बक्षिसं वाटणाऱ्या सूत्रसंचालकाच्या नावावरची ही कोटी.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि जादूच्या वस्तूंचे भावही पुस्तकातून गेले. जादूचं दुकान नको, हीच भूमिका. पण मिळकतीचा ओघ तसाच राहिला आणि तिजोरी नुसती फुगत गेली.

मग २००० साल. हा खेळ छापणारी टीएसआर कंपनी आता विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे होती आणि तिसऱ्या आवृत्तीने बाजार सताड उघडला. प्लस वन लाँगसोर्ड २,३१५ नाण्यांना: पंधरा साध्या तलवारीची, तीनशे उत्तम घडणीची, दोन हजार जादूची. विकायला गेलात तर मोडीत निम्मे. मांत्रिकाने स्वतः घडवली तर जादूचा खर्च हजार, शिवाय ८० एक्सपी पदरचे. १९७४ साली सोन्याचे गुण व्हायचे, आता गुण वितळवून तलवार व्हायला लागली. चक्र उलटंच फिरलं. कुठल्या वस्तीत किती किमतीपर्यंतची वस्तू मिळेल, हेही ठरलेलं होतं. दोनशे नाण्यांच्या खेड्यात ही तलवार मिळणार नाही, आठशेच्या छोट्या गावातही नाही. तीन हजारांची मर्यादा असलेल्या मोठ्या गावात मिळेल. वर पात्राकडे किती माल असावा याचा तक्ता: पाचव्या लेव्हलला ९,०००, दहाव्याला ४९,०००, विसाव्याला ७,६०,०००.

हिशेब चोख होता, आणि तोच अंगावर आला. राक्षसांची ताकद हा माल गृहीत धरून बेतलेली, त्यामुळे अंगठी, झगा, पट्टा, ताईत घेणं भागच पडे. अंगभर वस्तू लटकवलेल्या पात्राला खेळाडू 'ख्रिसमस ट्री' म्हणू लागले. सापडलेली चमत्कारिक वस्तू कुणी ठेवेना. मोड, आणि यादीतली घे.

२००८च्या चौथ्या आवृत्तीत या वस्तू थेट खेळाडूंच्या पुस्तकात आल्या. हव्या त्या वस्तूंची यादी डीएमकडे द्या, असा सल्लाही मिळाला. तलवारीची जादू ३६० नाण्यांना, विकली तर पाचवा हिस्सा, ७२. भंगाराचा भाव.

२०१४ साली पाचव्या आवृत्तीने पुन्हा पाऊल मागे घेतलं. जादूच्या वस्तूंशिवाय खेळ चालला पाहिजे, एका वेळी फार तर तीनच वस्तूंशी नातं जोडता येईल, आणि भाव म्हणाल तर तलवार दुर्मिळतेच्या 'अनकॉमन' वर्गात, म्हणून १०१ ते ५००च्या मधे काहीतरी. सोनं परत बिनकामाचं झालं आणि टेबलावर तोच जुना प्रश्न. २०१७च्या पुरवणीत तोडगा आला: आठवडाभर हिंडा, शंभर नाणी खर्चा, फासे टाका, विकणारा भेटला तर भेटला. मला हीच रीत सगळ्यात पटते, कारण दुकान न थाटताही बाजार असल्यासारखं वाटतं. मधल्या काळात, 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या जुन्या नियमांवर बेतलेल्या २००६च्या 'ऑसरिक'पासून जुन्या वळणाचे खेळ परत आले होते. त्या मंडळींनी नाण्यामागे एक गुण हा नियम पुन्हा धरला, खेचरांसकट.

२०२४च्या 'गाइड'मध्ये भाव पुन्हा ठाम छापलेत. आपली तलवार अनकॉमन, म्हणून ४००, वर साध्या तलवारीची किंमत.