पिळातून येणारे बळ

यंत्रमानवाचा हात आज मोटार, दातेरी चाके किंवा हवेच्या दाबावर सरकणारे दट्टे यांच्या जोरावर हलतो. हीच यंत्रणा बोटाएवढ्या जागेत बसवायची म्हटले की तिचे वजन आणि आकार आड येतात. त्यामुळे स्वतःच आखडून ओझे ओढणाऱ्या धाग्याचा, म्हणजेच कृत्रिम स्नायूचा, शोध संशोधक दीर्घकाळ घेत आहेत.

रे बॉमन या संशोधकाने सहकाऱ्यांसह १९९९ साली कार्बन नॅनोनलिकांचे, म्हणजे केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचे, कागदासारखे पापुद्रे क्षारद्रावणात ठेवून ते विजेने हलवून दाखवले. मात्र ती हालचाल एक टक्क्याहूनही कमी होती. खरी प्रगती झाली ती या नलिकांचे सूत काढून त्याला पीळ देता येऊ लागल्यावर.

२०१२ साली डॅलस येथील टेक्सास विद्यापीठातील बॉमन यांच्या गटाने सुतात पॅराफिन मेण मुरवले आणि अंगावर वेटोळी पडेपर्यंत ते पिळले. वीज सोडताच सूत तापते आणि मेण वितळून फुगते. नलिका लांबीत ताणल्या जात नसल्याने सूत जाड व्हायचे तर पीळ थोडा सुटावाच लागतो, आणि टोकाचे ओझे गरगर फिरू दिले नाही तर वेटोळी जवळ येऊन सूत आखडते. सुंभाचा दोर भिजून फुगला की आखूड होतो, त्यामागेही हेच भूमितीय कारण आहे. असे सूत स्वतःच्या वजनाच्या लाखपट ओझे उचलते. वेटोळी न पाडता नुसत्या पिळलेल्या सुताने तर एक पाते मिनिटाला सरासरी ११,५०० फेऱ्यांच्या वेगाने फिरवले, तेही वीस लाखांहून अधिक आवर्तने.

माझ्या मते या संशोधनात पदार्थाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पिळाला आहे. २०१४ साली मासेमारीचा साधा नायलॉन दोरा तसाच पिळून त्याच गटाने आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या तेवढ्याच लांबीच्या व वजनाच्या स्नायूच्या शंभरपट ओझे उचलणारा स्नायू बनवला.

उष्णतेवर चालणाऱ्या स्नायूंची मोठी उणीव अशी की बहुतेक ऊर्जा वाया जाते आणि सूत निवेपर्यंत थांबावे लागते. म्हणून विद्युतरासायनिक मार्ग मला अधिक आशादायक वाटतो. त्यात मेणाऐवजी द्रावणातील आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुतात शिरून ते फुगवतात. पूर्वी धन आणि ऋण असे दोन्ही आयन आलटून पालटून शिरत आणि एकमेकांचा परिणाम काही अंशी पुसून टाकत. २०२१ साली सुतावर ऋणभारित बहुवारिकाचा (पॉलिमरचा) लेप देऊन ही अडचण दूर करण्यात आली. एकदा आखडलेला असा स्नायू ओझे धरून ठेवण्यासाठी जवळजवळ वीज घेत नाही, आणि कृत्रिम हाताच्या बॅटरीसाठी हा गुण फार मोलाचा आहे.