मोठा पॉवर सप्लाय, मोठं वीजबिल?

‘६५० वॅटचा पॉवर सप्लाय लावला की कॉम्प्युटर सतत ६५० वॅट वीज खातो’ हा समज बराच जुना आहे. (पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणारा डबा.) डब्यावर आकडाच असा ठळक असतो की तसं वाटणं साहजिक आहे.

तो आकडा क्षमतेचा आहे, खपाचा नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड वगैरे मागतील तेवढीच वीज सप्लाय देतो. वर थोडी उष्णतेत जाते. गेम चालू असताना सुटे भाग २५० वॅट घेत असतील आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून साधारण २९४ वॅट जातात. सप्लाय ४५० चा असो वा ६५० चा, कार्यक्षमता तीच असेल तर हा आकडाही तोच. अगदी कमी भारावर मोठा सप्लाय किंचित जास्त वाया घालवतो, पण फरक सहसा काही वॅटचाच.

खात्री करायची तर प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणा. आधी नुसता डेस्कटॉप, मग अर्धा तास गेम, असे आकडे टिपा.

बिलाच्या धास्तीने लहान, स्वस्त सप्लाय ठेवून नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, की ऐन गेममध्ये मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात, म्हणून सप्लायच्या लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा: तिथे १८ अँपिअर असतील तर १२ × १८ = २१६ वॅटच, डब्यावर ४५० छापलेलं असलं तरी. कार्डाला ८ पिनची जोडणी लागत असेल तर मोलेक्स (जुन्या ४ पिनच्या प्लगच्या) अडॅप्टरने वेळ मारून नेऊ नका, वायर तापते.