एक खोली वाढवली की घराचा भाव वाढतो?

नवी मुंबईत ऐरोली, नेरूळ, कोपरखैरण्यात रो-हाउसवर मजला चढवायचा म्हटलं की सल्ला ठरलेला: “दोनच्या जागी तीन बेडरूम काढा, भाव आपोआप वाढेल.” केवळ भिंत घातल्याने तो वाढत नाही. भाव मुख्यतः चौरस फुटांवर ठरतो, आणि 2016च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाच्या) व्याख्येत आतल्या भिंतीही मोजल्या जातात. म्हणजे मोजमाप तेच राहतं, वावरायची जागा मात्र घटते.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत मुख्य खोली सोडून दुसऱ्या खोलीची किमान रुंदी 2.1 मीटर आहे, जेमतेम सात फूट. पाच फुटी पलंग, दोन फुटी कपाट, संपली खोली! कपाट उघडायचं तर पलंगावर चढा.

घरात आजी-आजोबा आणि दहावीचं पोर असेल, तर दार लोटून बसायला तिसरी खोली हवीच. तिथे मी लहान खोलीचीही बाजू घेईन. एरवी दोन ऐसपैस खोल्याच बऱ्या. कारण ओळीतल्या रो-हाउसला दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतात. उजेड-वारा येतो पुढून आणि मागून. तीन खोल्या एकामागे एक काढल्या की मधलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो.