फुटपाथवरची पाटी आणि आकाशचिन्ह विभाग

संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरून किंवा दादरला स्टेशनबाहेरून चालत जा. दर चार दुकानांमागे एक पाटी पायात येते. कुठे दोन फळ्या बिजागरीने जोडून उभी केलेली घडी, कुठे खडूने 'आजचे पदार्थ' लिहिलेला काळा फळा, तर कुठे माणसाच्या उंचीची स्टँडी. 'गाडी आली रे' असा आवाज आला की हीच पाटी पोऱ्याच्या काखेतून दोन सेकंदांत दुकानात जाते. पालिकेची गाडी वळली की पुन्हा बाहेर.

दुकानदाराच्या या फिरत्या पाटीला नेमका कोणता नियम लागू होतो? शोधायला बसलं की गंमत वाटते. पुणे महापालिकेत जाहिरात फलकांचे परवाने जो विभाग देतो त्याचं नाव 'आकाशचिन्ह व परवाना विभाग'. पाटी जमिनीवर, खातं आकाशाचं! हे नाव आलंय 'स्काय-साइन' या इंग्रजी शब्दाच्या भाषांतरातून, आणि त्याची गोष्ट लंडनमध्ये सुरू होते.

लंडनच्या दुकानांवर एके काळी लोखंडी दांड्यांना टांगलेल्या अवजड पाट्या रस्त्यावर झुकलेल्या असत. १७६२ साली वेस्टमिन्स्टरमध्ये फरसबंदीचा कायदा झाला आणि त्या उतरवून भिंतीला सपाट लावायची वेळ आली. जाहिरात भिंतीवरून निघाली ती माणसांच्या अंगावर चढली. छातीवर एक आणि पाठीवर एक फळी बांधून दिवसभर रस्ते तुडवणारी माणसं दिसू लागली. १८५३च्या भाडोत्री गाड्यांच्या कायद्यात एक कलम घालून लंडन पोलिसांच्या हद्दीत लोकांना अडथळा किंवा त्रास होईल अशा रीतीने गाडीवरून, घोड्यावरून किंवा पायी असे फलक मिरवायला बंदी झाली. मग जाहिरात छपरांवर गेली. इमारतीच्या माथ्यावर सांगाडे उभारून, मागे मोकळं आकाश दिसेल अशी अवाढव्य अक्षरं लावली जाऊ लागली. त्यांच्यासाठी १८९१ साली लंडनमध्ये स्वतंत्र कायदा झाला. रस्त्यावरून पाहताना ज्याच्यामागे आकाश दिसतं ते आकाशचिन्ह, अशी त्याची व्याख्या. हीच कल्पना मुंबईच्या कायद्यात कलम ३२८ म्हणून बसली आणि पुढे महाराष्ट्रातल्या इतर महापालिकांच्या कायद्यातही आली.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा. त्यातलं कलम ३१३ मुळातून वाचण्यासारखं आहे. आयुक्तांच्या परवानगीशिवाय रस्त्यावर काय ठेवायचं नाही, याची यादीच त्यात आहे: टपरी, खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गासडी 'किंवा इतर वस्तू'. ही यादी वाचताना त्या काळची बाजारपेठ डोळ्यांसमोर उभी राहते. कापसाच्या गासड्या, रंगाऱ्याची शिडी, वाण्याच्या पेढीबाहेरचा बाक. त्याच कलमात फळीचाही उल्लेख आहे, पण तो जोत्याच्या रेषेबाहेर काढलेल्या फळीचा. रस्त्यापासून बारा फुटांच्या आत अशी फळी पुढे काढायची नाही, भिंतीला काही टांगायचंही नाही. म्हणजे डोक्यावरच्या पाटीला कायद्याने उंची दिली. पायाशी उभी राहणारी पाटी मात्र 'इतर वस्तू'त गेली, ती आजतागायत तिथेच आहे.

आणि जाहिरातीचं कलम? ते ३२८-अ. जमीन, इमारत, भिंत, होर्डिंग यांवर जाहिरात लावायची तर लेखी परवानगी हवी. पण त्याला एक सवलत जोडलेली आहे: ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर त्याच धंद्याची पाटी असेल, आणि ती आकाशचिन्ह नसेल, तर परवानगी लागत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. पाटी उंबऱ्याच्या आत असेतोवर ती दुकानदाराची हक्काची. तीच दोन फूट पुढे सरकली की जागा त्याची राहत नाही, सवलत संपते, आणि पाटी गासडीच्या रांगेत जाऊन बसते. दुकानदाराला हे दोन फूट क्षुल्लक वाटतात. 'आमच्याच दारात तर आहे', हे त्याचं ठरलेलं उत्तर.

गासडीच्या रांगेतल्या वस्तूचं काय करायचं ते कलम ३१४ सांगतं: आयुक्तांना नोटीस न देताही ती हटवता येते. पुण्यासारख्या शहरांच्या १९४९च्या महापालिका कायद्यात हेच काम कलम २२९ ते २३१ करतात. नोटिशीविना उचलण्याच्या या अधिकाराची कसोटी लागली ती मात्र पाट्यांमुळे नव्हे, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या माणसांमुळे. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यात, १० जुलै १९८५ रोजी, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी कलम ३१४ वैध ठरवलं. पण नोटीस न देण्याची मुभा म्हणजे कधीच नोटीस न देण्याचा हुकूम नव्हे, असंही बजावलं. माणसाची झोपडी आणि हॉटेलचा फळा एकाच कलमाखाली यावेत हे विचित्र आहे खरं.

त्यानंतरचे नियम पुन्हा वरच पाहत राहिले. १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा, फ्लेक्सचं पेव फुटल्यावर बेकायदा होर्डिंगविरोधात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्ये दिलेले सविस्तर आदेश, २०२२चे जाहिरात फलकांचे नवे नियम. धोकाही वरूनच होता: २०१८मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ होर्डिंग कोसळून चार जण गेले, १३ मे २०२४ला घाटकोपरला सतरा. दोन फुटी फळा कुणाच्या जिवावर उठत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

फेरीवाल्यांसाठी निदान २०१४चा कायदा आहे, समिती आहे, प्रमाणपत्र आहे. दुकानदाराच्या पाटीला यातलं काहीच नाही, आणि ती बाहेर ठेवणाऱ्याला तसं काही असावं असं वाटतही नाही.

पण आता प्रश्न रुंदीचा झालाय. भारतीय रोड काँग्रेसच्या पदपथविषयक मानकांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. खांब, झाडाचं आळं, विजेची डीपी पेटी आणि लावलेल्या दुचाक्या वजा केल्या की आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तेवढी उरतच नाही. त्यात पाऊण मीटरची घडीची पाटी आली की व्हीलचेअरवाला खाली रस्त्यावर उतरतो, आणि पांढरी काठी टेकत येणाऱ्याला तर काल इथे नसलेली वस्तू आज अचानक नडगीला लागते. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग शहराने ५ नोव्हेंबर २०१८पासून फुटपाथवरच्या अशा सगळ्या पाट्यांवर सरसकट बंदी घातली. पादचाऱ्यांना, विशेषतः अंध आणि अपंग लोकांना, होणारा अडथळा हे त्यामागचं मोठं कारण होतं. आपल्याकडे १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित फुटपाथ हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगून, राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक सूचना करायला लावलं.

दंडाचं म्हणाल तर, सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याबद्दल १८६०च्या दंड संहितेच्या कलम २८३मध्ये कमाल २०० रुपये होते. ते तसेच राहिले, १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत. आता कलम २८५, कमाल पाच हजार. 'गाडी आली'चा आवाज मात्र पालिकेच्या गाडीसाठीच होतो, पोलिसांच्या नव्हे.