आठ मण्यांची खीळ

बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यात पोटात जोराची कळ उठली की घरात दोन निदानं तयारच असतात: 'पित्त झालंय' नाहीतर 'बेंबी सरकली'. मग बेंबीवर पणती ठेवून तांब्या पालथा घालतात. पणती विझते, आतली हवा निवते, दाब उतरतो आणि कातडी वर ओढली जाते. घडतं ते एवढंच. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ असतं. तांब्याची ओढ तिथवर पोचत नाही. बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत आरपार जाणारी, पुढं वाकून बसल्यावर जराशी सुसह्य होणारी कळ आणि न थांबणाऱ्या उलट्या असतील, तर स्वादुपिंडाचा तीव्र दाह असू शकतो. तेव्हा थेट दवाखाना गाठावा.

ही ग्रंथी जेमतेम 15 सेंटिमीटर लांब, पण रोज सुमारे दीड लिटर पाचक रस बनवते. मटण लवकर मऊ व्हावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा घालतात, कारण पपईतलं विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं. स्वादुपिंडाच्या रसातलं ट्रिप्सिन त्याच कामाचं विकर. आणि ग्रंथी स्वतः तर मांसाचीच! मग ती स्वतःला पचवत कशी नाही?

कारण ट्रिप्सिन तिथे ट्रिप्सिनोजेन या बंद रूपात असतं. त्याच्या टोकाला आठ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या आठ मण्यांची, शेपटी असते. शेवटचे पाच मणी म्हणजे चार अॅस्पार्टिक आम्लं आणि एक लायसिन. ही शेपटी आहे तोवर रेणूतला कापणारा खळगा नीट घडतच नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरचं एंटेरोकायनेज हे विकर नेमके हे पाच मणी ओळखतं आणि लायसिननंतर काप घेतं. नवं मोकळं टोक आत वळतं, आतल्या एका ऋणभारित आम्लाला चिकटतं आणि खळगा आकार घेतो. असं उघडलेलं ट्रिप्सिन मग कायमोट्रिप्सिन, इलॅस्टेज, फॉस्फोलायपेज या इतर विकरांच्या खिळी काढतं, शिवाय आपल्याच बंद भावंडांच्याही.

ग्रंथीत चुकून थोडं ट्रिप्सिन उघडलंच, तर स्पिंक-1 नावाचं छोटं प्रथिन त्याच्या खळग्यात बोळ्यासारखं बसतं. शिवाय ट्रिप्सिनच्या साखळीत 122व्या जागी कापून ते निकामी करता येतं. काही घराण्यांत हीच जागा बदललेली असते आणि दाह पिढ्यान्‌पिढ्या येतो, हे 1996 साली उलगडलं.

पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला, दारू जास्त झाली किंवा रक्तातली ट्रायग्लिसराइडं (एक प्रकारची चरबी) दर डेसिलिटरला 1000 मिलिग्रॅमच्या वर गेली, तर पेशीतलं कॅल्शियम चढून तसंच राहतं. विकरांच्या पिशव्या पेशीच्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांत मिसळतात आणि तिथलं कॅथेप्सिन-बी हे विकर ट्रिप्सिनोजेनची शेपटी कापून टाकतं. आतड्यात व्हायचं ते पेशीतच होतं. इलॅस्टेज रक्तवाहिन्यांच्या भिंती खातं, फॉस्फोलायपेज पेशींची आवरणं फोडतं. चरबी तोडणारं लायपेज भोवतालच्या चरबीतून मेदाम्लं सोडतं. ती कॅल्शियमशी जुळून खडूसारखे पांढरे डाग पडतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा जो चोथा होतो, तोच हा. म्हणून गंभीर रुग्णात रक्तातलं कॅल्शियम उतरतं.

सगळा दोष ट्रिप्सिनवर ढकलणंही बरोबर नाही. दाहात उघडणारं मुख्य ट्रिप्सिनोजेन काढून टाकलेल्या उंदरांत पेशींचा नाश कमी झाला, तरी सूज आलीच. पेशीतली दाहाची घंटा वेगळ्या दोरीनंही वाजते. ट्रिप्सिन रोखणारी औषधं माणसांत फारशी उपयोगी का पडली नाहीत, हे यावरून काहीसं कळतं. रुग्ण दवाखान्यात येईतो आग पसरलेली असते.

रिपोर्टमधल्या आकड्याची भीती मात्र उगीच मोठी. रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (पिष्ट तोडणारं विकर) कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं की निदानाला आधार मिळतो, पण मर्यादा 60 असताना 1200 आलेला रुग्ण 300वाल्यापेक्षा अत्यवस्थ असतोच असं नाही. तो आकडा गळतीचा आहे, जळितातल्या नुकसानीचा नव्हे. रोज तपासून काही साधत नाही. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतं, लायपेज आठवडाभर किंवा जास्त टिकतं. उशिरा आलेल्या रुग्णात म्हणून लायपेज अधिक भरवशाचं.

पाचक चूर्णं किंवा विकरांच्या गोळ्या या कळेवर चालत नाहीत. उपचार म्हणजे शिरेतून मोजून रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाइन), पुरेसं वेदनाशामक आणि उलट्या थांबून भूक लागताच हलकं जेवण. आठवडाभर उपाशी ठेवण्याची पद्धत आता मागे पडली. संसर्ग नसेल तर प्रतिजैविकंही नकोत. कारण खडा असेल आणि दाह सौम्य असेल, तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून घ्यावं. 'पुढच्या सुगीनंतर बघू' म्हणत घरी गेलेल्यांना हीच कळ मधेच पुन्हा गाठू शकते.